ऐंशी किलोंसाठी तीन हजार किलो

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून आतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, पत्र्याच्या शेडमधली खटखट कानावर येतेच. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे ते दीडशे वेळा आडवा धागा टाकतो. हिशेबाला आपण 130 धरू आणि कापडाचा पन्हा 1.2 मीटर. म्हणजे एक माग मिनिटाला 156 मीटर, तासाला नऊ किलोमीटरच्या वर आणि बारा तासांच्या पाळीत जवळपास 112 किलोमीटर धागा कापडात घालतो. तुटलेली तार, गेलेली वीज आणि चहा यांत जाणारा वेळ सोडून दिलाय. भिवंडीत सहा लाखांच्या घरात माग आहेत, असं वर्षानुवर्षं सांगतात. त्यातले कित्येक बंद पडले, कित्येक भंगारात गेले. म्हणून निम्मेच चालू धरू. तीन लाख माग, एक पाळी, 3 कोटी 36 लाख किलोमीटर.

चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. त्याची गोष्ट एका पाळीत संपते, तीही ऐंशीहून अधिक वेळा. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. भिवंडीचं आडवं सूत तिथे साडेचार पाळ्यांत पोचतं. सोमवारी सकाळी निघालं तर बुधवारी दुपारी. हे सूत 75 डेनियरचं असेल तर सूर्यापर्यंतच्या त्या धाग्याचं वजन 1,250 टन भरेल. दहा टनी ट्रक लावले तर सव्वाशे. बायपासवर एखाद्या दुपारी एवढे ट्रक नुसते अडकून पडलेले असतात.

हे डेनियर भिवंडीत रोजच्या बोलण्यातलं. 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनियर. 75 डेनियरच्या नऊ किलोमीटर धाग्याचं वजन 75 ग्रॅम, बस्स. व्यापारी या आकड्यावरून कापडाचा पोत आणि भाव ठरवतो. मी यावरून दुसरंच काही काढणार आहे: माणूस किती धाग्यांवर लटकू शकतो?

साध्या पॉलिएस्टर धाग्याची ताकद डेनियरमागे चार ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे 75 डेनियरचा धागा साधारण 300 ग्रॅमला तुटतो. ऐंशी किलोंच्या माणसाला 267 धागे लागतील. 48 इंची पन्ह्याच्या कापडात चार हजार उभे धागे धरले तर इंचाला 83 होतात. म्हणजे ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाची सव्वातीन इंची पट्टी, सगळ्या धाग्यांवर सारखा ताण आला तर, एक धडधाकट माणूस पेलेल. कागदावर. कुणी करून बघू नये, कारण सगळ्या धाग्यांवर सारखा ताण कधीच येत नसतो, आणि या लेखातली निम्मी भानगड त्या एका वाक्यात आहे.

आता धागा सोडून दोराकडे येऊ. गुहांमध्ये, कड्यांवर आणि बचावकार्यात वापरतात तो स्टॅटिक रोप, म्हणजे कमी ताणला जाणारा दोर. जाडी दहा मिलिमीटर, आपल्या करंगळीहून बारीक. आत सरळसोट धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेलं आवरण. वजन मीटरला 65 ग्रॅमच्या आसपास. भिवंडीच्या भाषेत हा दोर 5 लाख 85 हजार डेनियरचा झाला. त्यात वापरतात ते औद्योगिक नायलॉन बहुतेकदा 840 डेनियरचं, आणि त्या एकेका धाग्यात 140 तंतू. एक तंतू सहा डेनियरचा, 27 मायक्रॉन जाडीचा. माणसाच्या केसाच्या निम्म्याहून बारीक. भागाकार करा: दहा मिलिमीटरच्या दोरात हे तंतू जवळपास 97 हजार बसतात.

म्हणजे एक मीटर दोरात 97 किलोमीटर तंतू. धामणकर नाक्यावरून निघाला तर कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून घोटीकडे जाईल इतका. शंभर मीटरच्या दोरात 9,700 किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ चौथा हिस्सा. आणि हे सगळं साडेसहा किलोंच्या एका पिशवीत, खांद्यावर.

या जातीचं नायलॉन डेनियरमागे आठ ग्रॅम पेलतं. एका तंतूला 48 ग्रॅम. 97 हजार तंतूंची बेरीज साडेचार टनांच्या पुढे जाते, पण प्रत्यक्षात असा दोर तीन हजार किलोंच्या आसपास तुटतो. मधले दीड टन गेले कुठे? पिळात, विणीत, आवरणात. तिरका बसलेला तंतू पूर्ण ताकदीनं ओढत नाही, एक आधी ताणला जातो, दुसरा नंतर. गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधीच दोर एक तृतीयांश ताकद देऊन बसलेला असतो.

तरी उरलेला आकडा थक्क करणारा आहे. डेनियरमागचे ग्रॅम घ्या, त्याला नऊनं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं: तो धागा स्वतःच्याच वजनानं तुटायला किती लांब लटकावा लागेल, याचं. नायलॉनच्या तंतूला 72 किलोमीटर. विणलेल्या दोराला सुमारे 46. पाऊण शतकापूर्वी गिर्यारोहक वापरत त्या अर्ध्या इंची मनिला दोराला अकराच्या आसपास. जगातली माहीत असलेली सर्वांत खोल गुहा, अबखाझियातली वेरयोव्किना, 2.2 किलोमीटर खोल आहे. एका झेपेत सरळ खाली जाणारी गुहेतली सर्वांत खोल विहीर स्लोव्हेनियातली व्रतोग्लावित्सा, 603 मीटर. ठाणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला माहुली, आसनगावजवळचा, समुद्रसपाटीपासून 858 मीटर. दोराला तोडेल असं खोल किंवा उंच या पृथ्वीवर काहीच नाही.

गुहांचं नाव काढलंय तर एक सांगून टाकतो. महाराष्ट्रात दोर घेऊन उतरावं अशा खोल नैसर्गिक गुहा जवळपास नाहीतच. अशा गुहा बहुतेक पाण्यात विरघळणाऱ्या चुनखडीत होतात. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे, तो विरघळत नाही. म्हणून भिवंडी तालुक्यातल्या लोनाडसारख्या आपल्या गुहा छिन्नीनं कोरलेल्या, आणि खऱ्या गुहांसाठी मेघालय गाठावं लागतं, जिथे क्रेम लियात प्राह नावाची गुहा तीस किलोमीटरहून अधिक लांब पसरलीय. आपला दोर डोंगराच्या आत जात नाही, बाहेरून लोंबतो. माहुलीच्या परिसरातला अडीचशे फुटांच्या आसपासचा वजीर सुळका, रायगडासमोरचा लिंगाणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. गणित मात्र आत-बाहेर सारखंच.

मग ऐंशी किलोंच्या माणसासाठी तीन हजार किलोंचा दोर कशाला? सदतीस पट?

कारण तीन हजार हा आकडा सरळ, नव्या, कोरड्या दोराचा आहे. दोन टोकं मोठ्या ड्रमवर गुंडाळून, अलगद ओढून, प्रयोगशाळेत मोजलेला. कड्यावर दोर कधीच असा नसतो. त्याला सगळ्यात आधी गाठ मारावी लागते.

गाठीचा धंदा भिवंडीइतका क्वचित कुठे चालत असेल. ताण्यातली तार तुटली की कारीगर माग थांबवतो, वाकतो, हजारो उभ्या धाग्यांतून तुटलेलं टोक शोधून काढतो. जोडायच्या धाग्याचा तुकडा बहुधा हाताशीच लोंबत असतो. दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली आडवी-उभी धरतो, उजव्या हातानं एक वेढा मागून पुढे आणतो, टोक त्यात दुमडून घालतो आणि ओढतो. बघणाऱ्याला काय झालं ते कळत नाही. उरलेल्या शेपट्या कात्रीनं, नाहीतर दातानं तोडतो, धागा वयीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवतो, माग पुन्हा चालू. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम, आणि त्यातली गाठ दोन-तीन सेकंदांची. शेजारी दुसरे तीन-चार माग त्याच्याच भरवशावर चालू असतात, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो. हाताला येतं तेच खरं.

या गाठीची रचना जगभर विणकराची गाठ म्हणून ओळखली जाते. आणि हीच रचना, एकाच दोराचं टोक फिरवून बांधली, की तिची बोलाईन होते. जहाजांवरची, बचावपथकांची, गिर्यारोहणाच्या प्रत्येक शिबिरात शिकवली जाणारी बोलाईन. मागावर दोन वेगळे धागे जोडले जातात, कड्यावर एकाच दोराचा फास होतो, फरक इतकाच. धामणकर नाक्याच्या गल्लीतला कारीगर दिवसभर जी गाठ मारतो, तिच्यावर सह्याद्रीत माणसं लोंबकळतात.

पण शेपटीचा नियम दोन्हीकडे नेमका उलटा. मागावर शेपटी उरली की ती शेजारच्या धाग्यात अडकते आणि आणखी चार तारा तोडते, म्हणून ती मुळाशी छाटायची. दोराला शेपटी जाडीच्या किमान दहापट ठेवायची, म्हणजे दहा मिलिमीटरच्या दोराला दहा सेंटिमीटर, कारण वजन आलं की गाठ आवळते आणि शेपटी आत सरकते. शिवाय बोलाईनचा एक दुर्गुण आहे: वजन नसताना हलत राहिली तर आधुनिक, ताठ, गुळगुळीत दोरात ती हळूहळू सैल होते. म्हणून शिकाऊ लोकांना फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ, शिकवतात. ती थोडी बोजड, वजन आल्यावर सोडवायला कटकटीची, पण चुकली तर लांबून दिसते. माझ्या मते तिचा खरा गुण ताकद नाही, हाच आहे. गाठ दुसऱ्याला तपासता आली पाहिजे. लिन हिल ही आपल्या काळातल्या, जगातल्या सर्वोत्तम गिर्यारोहकांपैकी एक. 1989 साली फ्रान्समधल्या ब्युऊ इथे ती चढली तेव्हा कमरेची गाठ पुरती बांधायचीच राहून गेली होती. वर पोचून दोरावर भार टाकला आणि ती ऐंशी फुटांच्या आसपास कोसळली. झाडात पडली म्हणून वाचली. दोराची ताकद त्या दिवशी जितकी लिहिली होती तितकीच होती.

मागावरच्या गाठीला आणखी एक अट असते: ती वयीच्या बारीक डोळ्यातून पार झाली पाहिजे. ही अट डोंगरात कुणाचा जीव घेईल असं वाटत नाही, पण घेतलाय. 1936 च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर टोनी कुर्त्स हा जर्मन तरुण एकटा उरला होता, बरोबरचे तिघे मेलेले. याच डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्याच्या खिडकीतून बचावाला माणसं बाहेर आली. त्यांनी वर पाठवलेला दोर कमी पडला, म्हणून दुसरा दोर गाठ मारून जोडला. कुर्त्स त्यावरून खाली सरकू लागला आणि ती गाठ त्याच्या कमरेच्या कॅराबिनरमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या कडीत, येऊन अडकली. पार होईना. एक हात थंडीनं निकामी, बोटं गोठलेली. बचाव करणारे खाली काही मीटरवर. तिथेच लटकत तो मेला. गाठ भक्कम होती. जाड होती, एवढंच.

गाठ दोराला कमजोर करते ती वाकवून. कमी त्रिज्येत वळलेल्या दोराचे बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतल्या बाजूचे चिमटले जातात, आणि भार उचलायला 97 हजारांतले मोजकेच पुढे उभे राहतात. गाठीचा दोर जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी तुटतो: भार घेणारा दोर गाठीत शिरून पहिलं वळण घेतो तिथे. साध्या ओव्हरहँड गाठीत मूळ ताकदीच्या 60 ते 65 टक्के उरते, बोलाईनमध्ये 65 ते 75, फिगर ऑफ एटमध्ये 75 ते 80. हे आकडे प्रयोगागणिक, दोरागणिक आणि गाठ किती नीट बसवली त्यानुसार हलतात. वेढे एकमेकांवर चढलेली फिगर ऑफ एट आणि शेजारी शेजारी नीट लावलेली फिगर ऑफ एट यांतही फरक पडतो. युरोपीय मानक ईएन 1891 यानं हे गृहीतच धरलंय. दोर बिनगाठीचा असेल तर 22 किलोन्यूटन पेलला पाहिजे, म्हणजे सव्वादोन टन; टोकाला फिगर ऑफ एट असेल तर 15 किलोन्यूटन, दीड टन, तीन मिनिटं. गाठीचा कर एक तृतीयांश, असा तो सरकारी दर म्हणा.

तरी दीड टन उरतोच की. ऐंशी किलोंना पुष्कळ. हो, माणूस नुसता लटकला तर.

माणूस पडला की हिशेब बदलतो, आणि तो कसा बदलतो हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. झटका पडण्याच्या उंचीवर ठरत नाही. उंची भागिले दोराची लांबी, या गुणोत्तरावर ठरतो. त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. लांब दोर जास्त ताणला जाऊन पडणाऱ्याची ऊर्जा पचवतो, आखूड दोराकडे ताणायला काही नसतं. पन्नास मीटर दोर सुटलेला असताना ऐंशी किलोंचा माणूस दहा मीटर पडला, तर फॅक्टर 0.2. शंभर किलोंना तीन टक्के ताणला जाणारा स्टॅटिक दोर धरला तर झटका 415 किलोंच्या आसपास येतो. आता तोच माणूस अर्ध्या मीटरच्या दोरीनं कड्यावरच्या खिळ्याला अडकलाय, दोरी पुरेल तितका खिळ्याच्या वर सरकून उभा राहिलाय, आणि पाय घसरला. पडला एक मीटर. फॅक्टर दोन. झटका 1,100 किलोंच्या पुढे.

दहा मीटर पडल्यावर चारशे, एक मीटर पडल्यावर अकराशे. पायाखाली कोकणकडा असो की अंगणातली भिंत, या दुसऱ्या आकड्याला फरक पडत नाही. छत्रीधारी सैनिकांवर झालेल्या जुन्या अभ्यासांवरून माणसाच्या शरीरासाठी 12 किलोन्यूटन, म्हणजे 1,220 किलो, ही वरची हद्द मानतात. दोरावर काम करणाऱ्यांसाठी त्याच्या निम्मी. म्हणजे ती एक मीटरची घसरण दोराआधी बरगड्या आणि मणक्यालाच विचारते.

आता वजाबाकी करू. नवा दोर 3,000 किलो. फिगर ऑफ एट, 75 टक्के: 2,250. पावसाळा, भिजलेलं नायलॉन दहा ते वीस टक्के ताकद सोडतं, 15 धरू: 1,912. दोर तीन-चार मोसम वापरलेला, चिखलात लोळलेला, उन्हात वाळलेला. आणखी 30 टक्के गेले असं समजू: 1,338. अकराशेच्या झटक्याला हा दोर टिकतो, पण तीन हजारांतले सव्वादोनशेच शिल्लक ठेवून. आता फक्त गाठ बदला. फिगर ऑफ एटच्या जागी घाईत मारलेली ओव्हरहँड, 60 टक्के. बाकी सगळं तेच. उत्तर 1,071. झटका 1,116.

पंचेचाळीस किलो कमी पडले.

इथे दोराची बाजूही मांडायला हवी. प्रत्यक्षात गाठी झटक्यानं आवळतात आणि आवळताना बरीच ऊर्जा खातात, त्यामुळे खरा झटका सूत्रातल्या आकड्यापेक्षा कमी येऊ शकतो. जी गाठ दोराला कमजोर करते तीच पडणाऱ्याला सावरते. म्हणून कमरेच्या छोट्या दोऱ्यांना अनुभवी लोक शिवलेल्या टोकांपेक्षा गाठीची टोकं पसंत करतात, आणि दोरही ताणला जाणारा, डायनॅमिक घेतात. मग सगळीकडेच ताणणारा दोर का नाही? कारण तो ऐंशी किलोंना दहा टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. शंभर मीटर उतरलेला माणूस परत चढायला लागला की पहिले दहा मीटर दोर नुसता हातात येत राहील आणि पाय जमिनीवरच. शिवाय प्रत्येक पावलाला दोर वरखाली होऊन कड्याच्या धारेवर करवतीगत घासेल. व्रतोग्लावित्साच्या 603 मीटरला स्टॅटिक दोरसुद्धा चौदा मीटर ताणला जाईल, आणि त्या दोराचंच वजन 39 किलो. गुहेत उतरणारे म्हणून मधेमधे खिळे ठोकून दोराचे टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्याला एक नवी गाठ.

आपल्याकडे दोराचा जास्त छळ होतो तो आडवा बांधल्यावर. खंडाळ्याच्या नागफणीवर, ज्याला ड्यूक्स नोज म्हणतात, व्हॅली क्रॉसिंगचे कार्यक्रम होतात. समजा शंभर मीटर रुंद दरी, दोर ताणून बांधलाय आणि ऐंशी किलोंचा माणूस मध्यावर पोचलाय. दोर मध्यावर 4.4 मीटर खाली झुकला, तर दोन्ही टोकांच्या खिळ्यांवर प्रत्येकी 456 किलो येतात. कुणा उत्साही माणसानं दोर आणखी ताणला, झोळ निम्म्यावर आणला, की 910. लोकांना ताठ दोर सुरक्षित वाटतो आणि झोळ बघून पोटात गोळा येतो. झोळ हवाच. जितका दोर सरळ करायला जाल तितका तो खिळे उपटायला निघतो, आणि पूर्ण सरळ करायचा तर अनंत जोर लागेल. अनंत म्हणजे खरोखरच अनंत, गणितातला.

उतरताना वेगळंच. ऐंशी किलोंचा माणूस शंभर मीटर खाली येतो तेव्हा 78 हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते, आणि ती उष्णता होऊन डिसेंडर नावाच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात आणि दोरात जाते. पाव लिटर पाण्याला, म्हणजे दोन कप चहाला, उकळी आणायला साधारण एवढीच लागते. ती सगळी 300 ग्रॅमच्या डिसेंडरमध्ये साठली तर त्याचं तापमान 290 अंशांनी चढेल. नायलॉन 6 हे 220 अंशांच्या आसपास वितळतं. बरीचशी उष्णता दोर आणि हवा घेऊन जातात म्हणून निभावतं. सिनेमात कमांडो सर्रकन उतरतात तसं उतरून खाली पोचल्यावर डिसेंडर दोरावरच ठेवून फोटो काढत बसू नये, एवढं मात्र खरं. नायलॉनवर नायलॉन घासलं तर आणखी वाईट: हलता दोर एकाच जागी धरलेल्या पट्ट्याला काही सेकंदांत कापतो.

नायलॉन आलं कधी? वॉलेस कॅरॉदर्सनं ड्युपाँ कंपनीत ते 1935 च्या फेब्रुवारीत तयार केलं. त्याआधीचे बहुतेक दोर अंबाडी, ताग, काथ्या, मनिला असल्या वनस्पतींचे. 14 जुलै 1865 ला मॅटरहॉर्नवर पहिली चढाई करून उतरताना दोर तुटला आणि सातांपैकी चौघं गेले, तो दोर असलाच. आणि आपल्याकडे 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, सिंहगड, तानाजी मालुसरे आणि पोवाड्यातली यशवंती घोरपड. इतिहासकार ती घोरपड मानत नाहीत, मी फक्त तागडी लावतो: पाऊण इंची जाडीचा शंभर फूट दोर साडेसात किलोंच्या आसपास भरतो. आपली घोरपड भरली तरी सात किलोंची. मावळ्याचं वजन अजून धरलेलंच नाही. घोरपडीपेक्षा तो कडा दोराशिवाय चढून वर दोर बांधणारा पहिला माणूस मला जास्त अचाट वाटतो, आणि तसा माणूस कुणीतरी असलाच पाहिजे.

दोराचे आकडे कागदावरून उतरून रस्त्यावर आले ते 28 जुलै 2018 ला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात बस दरीत गेली. तीसेक माणसं, एक सोडून सगळी गेली. तो वाचलेला एकजण दरी चढून वर आला तेव्हा बातमी कळली. दरी सुमारे पाचशे फूट, पाऊस, धुकं, निसरडा कडा. महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे ट्रेकर दोर घेऊन उतरले, एनडीआरएफ येऊन मिळालं, आणि काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं.

पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. तीसेक वेळा. साडेचार-पाच किलोमीटर उभी ओढ. कड्याच्या काठावर दोर काटकोनात वळतो, घर्षणांक 0.4 धरला तर 70 किलो वर आणायला 130 किलोंचा जोर लावावा लागतो, बरोबर एक बचाव करणारा असेल तर 280 चा. हे माणसांच्या हातांनी, पावसात. आणि दोर ज्या धारेवर घासत असतो ती बेसाल्टची. तीन हजार किलो, गाठीचे टक्के, पाण्याचे टक्के, हे सगळे आकडे त्या एका धारेपुढे निरर्थक होतात, कारण ताणलेला दोर धारदार दगडावर आडवा घासला तर तो किती किलोंचा होता याला काही अर्थ राहत नाही. म्हणून बचाववाले आधी धारेवर काहीतरी टाकतात. गोणपाट, चटई, फायर ब्रिगेडच्या पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा. लाखो रुपयांच्या साहित्यात सगळ्यात जास्त तंतू हा गोणपाट वाचवतो.

दोर म्हातारा झालेला डोळ्यांना दिसत नाही. बोटांना दिसतो. चिमटीत धरून मीटर मीटर पुढे सरकवायचा. कुठे गाभा मऊ लागला, कुठे आवरण आतून सुटल्यासारखं वाटलं, कुठे कडक चकचकीत डाग लागला, तर तिथे काहीतरी झालंय. नुसता कपाटात ठेवलेला दोरही बहुतेक उत्पादक दहा वर्षांपलीकडे वापरू देत नाहीत. चांगल्या क्लबांकडे प्रत्येक दोराची वही असते: कधी घेतला, कुठे नेला, कोण पडलं. आणि निवृत्त झालेला दोर ते कुणाला देत नाहीत, आधी कापतात, दोन-दोन, तीन-तीन मीटरचे तुकडे करून, म्हणजे पुन्हा त्याच्यावर कुणी उतरणार नाही. मग ते तुकडे कुठेही जावोत. टेम्पोची ताडपत्री बांधायला तीन मीटर पुरतात, आणि तिथे ओव्हरहँडही चालते.